टीएनसीच्या नावाखाली १४,७५० रुपये गेले, आणि लायसन्सची प्रतही

चौदा हजार सातशे पन्नास रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो सांगायला मला तीन आठवडे लागले. ११,५०० टीएनसीचे (रेडिओ संचाला जोडून लेखी निरोप पाठवायचा-घ्यायचा मोडेमचा डबा), ८५० कुरिअर आणि विम्याचे, आणि वर २,४००. त्या २,४०० ची आठवण झाली की अजून कानशिलं तापतात.

जुन्या सामानाच्या नावाने कसं फसवतात ते तुम्हाला माहीत आहे. आगाऊ पैसे घ्यायचे आणि फोन बंद करायचा. मलाही माहीत होतं. पण याने फोन बंद केलाच नाही. रोज उचलायचा, रोज नवीन काहीतरी करून बघायला सांगायचा, आणि त्यातच मी अडकलो.

आमच्यातले, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणारे हॅम लोक, ऐकलं की पहिलं हेच म्हणतात, 'डायरवुल्फ फुकट मिळतं, साउंडकार्डवर पॅकेट चालतं, टीएनसी घ्यायची गरजच काय होती?' (डायरवुल्फ म्हणजे टीएनसीचं काम संगणकावर करणारा प्रोग्रॅम, पॅकेट म्हणजे रेडिओवरून तुकड्यातुकड्यांनी जाणारा मजकूर.) गरज होती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या पुराचं पाणी आमच्या गल्लीत आलं. वीज गेली, मोबाईल मुके झाले. जुन्या टीएनसीच्या पोटातच मेलबॉक्स असतो. संगणक बंद असला तरी टीएनसी आणि रिग (रेडिओ संच) १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालू ठेवायचे, निरोप येऊन साठत राहतात. लॅपटॉप दोन दिवस बॅटरीवर चालवून दाखवा आणि मग मला शिकवा. मी हौसेपायी पैसे उधळलेले नाहीत.

विकणारा आमच्या बोलीत 'ओएम' (मित्रा) म्हणून हाक मारायचा, निरोपाच्या शेवटी '७३' (शुभेच्छा) लिहायचा. व्हीयू२ ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची रेडिओ ओळख, दिलं. मी ते शोधून पाहिलं, खरं निघालं. ते त्याचं नाही हे मला पुढे कळलं. कॉलसाइन खरं आहे एवढ्यावर थांबू नका. त्या गावातल्या दुसऱ्या हॅमला विचारा, की हा आवाज आणि हा नंबर त्याच माणसाचा का. वर तो म्हणाला, 'मी लायसन्स असलेल्यालाच देतो, तुमची प्रत पाठवा.' माणूस नियमाने चालणारा वाटला. मी प्रत पाठवली.

मग त्याने व्हिडिओ पाठवला. तो व्हिडिओ मी आता चाळीसेक वेळा पाहिला असेन. टेबलावर टीएनसी, शेजारी रिग १४५.८२५ मेगाहर्ट्झवर, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जातंय, स्पीकरमधून पॅकेटची खरखर, आणि लॅपटॉपवर ओळीमागून ओळी उमटताहेत. मी खूश. पण टीएनसीवरचा डीसीडीचा दिवा? संपूर्ण व्हिडिओत एकदाही लागला नाही. सिग्नल ऐकू आला की सगळ्यात आधी तोच दिवा लागतो, पॅकेट करणारा माणूस पहिल्यांदा तिकडेच बघतो. मी बघितलं नाही. आणि पडद्यावर दर पॅकेटच्या वर 'ऑडिओ लेव्हल' असं आकड्यांसकट लिहून येत होतं. अहो, ती डायरवुल्फची ओळ आहे! टीएनसी असलं काही छापत नाही. लॅपटॉप स्वतःच्या माइकने रिगचा स्पीकर ऐकून पॅकेट सोडवत होता आणि तो डबा बाजूला नुसता मांडून ठेवला होता. मी स्वतः डायरवुल्फ वापरलंय. ती ओळ शेकडो वेळा पाहिली आहे. तरी त्या संध्याकाळी मी ११,५०० पाठवले, आणि तासाभराने ८५०.

पार्सल आलं. डब्याच्या स्क्रूवर कागदी सील, आणि 'सील तुटलं तर परत घेणार नाही' असा त्याचा निरोप. म्हणून मी उघडला नाही. कोणीही उघडला नसता.

पुढच्या नऊ रात्री मी माझ्याच वायरिंगला दोष देत काढल्या. टीएनसीकडे २५ पिनांचं सॉकेट, माझ्याकडे यूएसबीवरून ९ पिनांचं. नऊची २ पंचवीसच्या ३ ला, ३ ही २ ला, ५ ही ७ ला. बरोबरच होतं. तरी उलटं करून पाहिलं. संगणकाच्या बाजूला २ आणि ३ जोडून टाइप केलं तर अक्षरं परत उमटली, म्हणजे कन्व्हर्टर चांगला. वेग १२००, २४००, ४८००, ९६००, सात बिट, आठ बिट, सगळं झालं. वेग चुकला तर निदान वेडीवाकडी अक्षरं तरी येतात. इथे पडदा कोराच. तो म्हणाला, 'किस मोडमध्ये अडकला असेल, १९२, २५५, १९२ पाठवा.' किस मोडमध्ये टीएनसी टाइप केलेल्या आज्ञांना उत्तर देत नाही, आणि हे आकडे त्याला त्यातून बाहेर काढतात. सल्ला अगदी खरा होता, म्हणून तर विश्वास बसला. पाठवलं. काही नाही. रिगच्या मागच्या सहा पिनांच्या डेटा सॉकेटमधली वायर मी तीनदा नव्याने झाळली.

मग अकराव्या दिवशी म्हणाला, 'तुम्ही पीटीटीवर १२ व्होल्ट दिलेत, ईप्रॉम जळली, नवीन पाठवतो, २,४०० टाका.' पीटीटी म्हणजे रिगला प्रक्षेपण सुरू करायला सांगणारी तार, ईप्रॉम म्हणजे टीएनसीचा प्रोग्रॅम असलेली चिप. त्या सहा पिनांत ऑडिओ, पीटीटी, स्क्वेल्च आणि ग्राउंड एवढंच असतं, १२ व्होल्ट येतच नाहीत. पीटीटी तर फक्त ग्राउंडला टेकवायची असते. हे मला पाठ आहे. पण नऊ रात्रींनंतर माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागतो. मी पैसे पाठवले.

ईप्रॉम आली नाही. मग सील तोडलं. ईप्रॉमचं सॉकेट रिकामं, मोडेमच्या आयसीचं सॉकेट रिकामं, पॉवरच्या दिव्याला तेवढा रेझिस्टर लावून पुरवठा. असा डबा कुठल्याही वायरिंगने बोललाच नसता. घेण्याआधी आतल्या बोर्डाचा फोटो मागा, त्यावर त्या दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. आणि व्हिडिओ कॉलवर तुमच्यासमोर टीएनसी बंद करून चालू करायला सांगा. टर्मिनलवर त्याचं नाव-आवृत्ती उमटली पाहिजे, खाली 'सीएमडी' (आज्ञा द्या अशी खूण) आलं पाहिजे.

सतराव्या दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. पैसे पाठवल्याबरोबर फोन केला तर ते वाटेत अडवायची संधी असते. सतरा दिवसांनी काय अडवणार! बँकेत सांगितलं, 'पिन तुम्हीच टाकलाय.' पोलीस ठाण्यात तर आधी 'मोडेम म्हणजे वायफायचा का?' मी समजावून सांगितलं, तर ऐकणाऱ्याचा चेहरा बदलला. 'वायरलेस सेट घरात ठेवताय? परवानगी आहे का?' फसलो मी, आणि चौकशीही माझीच. घरी जाऊन लायसन्स आणलं. दूरसंचार विभागाचं, मुदतीतलं, मूळ प्रत. ते उलटंसुलटं पाहून झालं आणि उत्तर मिळालं, 'पार्सल मिळालंय ना? मग हा दिवाणी मामला.' मी म्हटलं, रिकामा डबा मिळालाय. 'बिघडलेला माल आणि फसवणूक यात फरक असतो.' तो फरक दाखवायलाच मी उघडा बोर्ड पिशवीतून नेला होता. कोणी वाकून पाहिलं नाही. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्यांदा गेलो तर अर्ज सापडेना, नवीन लिहून द्या म्हणाले. ग्राहक तक्रारीचं विचारलं तिथे कळलं की विकणारा व्यापारी नाही, खासगी माणूस आहे, त्यामुळे अवघड आहे. सगळ्यांचं अवघड. १४,७५० रुपये मात्र सहज गेले.

ज्यांचं कॉलसाइन त्याने वापरलं, त्या गृहस्थांना मी शोधून काढलं. सत्तरी ओलांडलेले. त्यांनी वर्षभरापूर्वी एका माणसाकडून रिग घ्यायला म्हणून लायसन्सची प्रत पाठवली होती.

हे ऐकलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. परवा रात्री साडेनऊला नांदेडहून एका मुलाचा फोन आला. नुकतीच हॅमची परीक्षा पास झालेला, कॉलसाइन व्हीयू३ चं. माझा नंबर त्याने कोणा ओळखीच्या हॅमकडून मिळवला होता. 'सर, संध्याकाळी तुम्हाला ४,००० पाठवलेत, टीएनसीचे. तुमच्या दुसऱ्या नंबरवर निरोप टाकतोय, पण उत्तर येत नाही.'

मी त्याला म्हटलं, माझं काही ऐकू नकोस, फोन ठेव आणि आत्ता १९३० लाव.