लेदर जॅकेटची घरची निगा: आठ महिन्यांनंतर, आणि मुख्यतः त्या पांढऱ्या थराबद्दल

क्लीनर, २५० मिली कंडिशनर क्रीम आणि घोड्याच्या केसांचा ब्रश असा सेट जूनमध्ये घेतला, तो रागाच्या भरात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका ड्रायक्लीनरकडून मेंढीच्या नप्पाचं, म्हणजे मऊ गुळगुळीत चामड्याचं, काळं जॅकेट परत आलं ते पापडासारखं कडक, कोपरावर रंग उडालेला, आणि पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' हा शिक्का. पैसे परत मिळाले नाहीत. आता उन्हाळ्याचं टोक, पावसाळा आणि ग्वाल्हेरची थंडी असं सगळं या जॅकेटवरून जाऊन झालंय, त्यामुळे ठामपणे लिहिता येईल.

आधी तो कडकपणा कुठून आला ते, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. कातडं कमावताना टॅनरीत त्यात तेल मुरवतात. त्या तेलामुळे तंतू एकमेकांवर सरकतात आणि जॅकेट अंगावर पडतं. ड्रायक्लीनिंगचं सॉल्व्हंट कॉलरचा मेणचटपणा काढतं आणि त्याबरोबर हे तेलही ओढून नेतं. पुन्हा तेल दिलं नाही तर तंतू चिकटून बसतात आणि कोपराच्या घडीवर पहिली भेग पडते. जॅकेट बाहेर द्यायचंच असेल तर काउंटरवर दोन प्रश्न विचारा: इथेच धुता की बाहेर पाठवता, आणि धुतल्यावर तेल देता का? दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर आलं नाही तर जॅकेट उचलून घरी या.

सेटमधला क्लीनर हा फुकट गेलेला खर्च. पाव लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा बेबी शाम्पू तेच काम करतो. अंगाचा साबण मात्र नको. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं चामडं आम्लधर्मी असतं, पीएच साधारण ४. साबण ९-१० च्या घरात. वारंवार लावला की चामडं कोरडं पडतं आणि वरचा रंगाचा थर कमजोर होतो. आधी कॉलरच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. थेंब तसाच उभा राहिला तर वर फिनिश, म्हणजे संरक्षक थर, आहे, बिनधास्त पुसा. मिनिटभरात शोषून डाग गडद झाला तर ते अनिलीन, म्हणजे वर थर नसलेलं नुसतं रंगवलेलं चामडं, तिथे कोरडं फडकं आणि ब्रश एवढंच. स्वेडला (लवदार, खरबरीत चामड्याला) यातलं काहीही लावू नका.

फडकं जुन्या बनियनचं उत्तम. इतकं पिळायचं की तळव्यावर दाबलं तर तळवा ओलसर व्हावा, पण थेंब सुटू नये. एक पट्टा शिवणीपासून शिवणीपर्यंत एका दमात पुसायचा. मध्येच थांबलात तर तिथे पाण्याची कड उमटते. मग साध्या पाण्याच्या फडक्याने शाम्पू काढायचा. नळाचं, म्हणजे इथलं तिघरा धरणाचं, पाणी चालतं. बोअरचं वापरू नका, वाळल्यावर त्यातले क्षार वर दिसतात, विशेषतः काळ्यावर.

आता क्रीम. पहिल्या तीन महिन्यांत या क्रीमला मी पाचपैकी पाच दिले असते. दोन हातांनंतर बाह्या पुन्हा वळायला लागल्या, कोपराची कुरकुर गेली. बाटलीवर 'दर महिन्याला भरपूर लावा' असं छापलंय, आणि मीही ते पाळलं. मग डिसेंबरअखेर, पारा उतरल्यावर, खांद्यावर आणि खिशांच्या कडेला राखाडी-पांढरा थर आला. बुरशी समजून व्हिनेगरच्या पाण्याने पुसला. चार दिवसांनी परत हजर.

तो थर बुरशीचा नव्हताच. जॅकेटवर पांढरं दिसलं की सगळे बुरशीच म्हणतात आणि चुकीचं औषध करतात, म्हणून या एका गोष्टीवर सविस्तर लिहितोय. पांढरं तीन प्रकारचं असतं. हेअर ड्रायर मंद ठेवून वीतभर अंतरावरून दहा-पंधरा सेकंद गरम हवा द्या. थर डोळ्यांदेखत वितळून चामडं पुन्हा काळं झालं, तर ती चरबी. गरम हवेने फरक नाही, पण ओल्या बोटाने नाहीसा झाला आणि वाळल्यावर पुन्हा उमटला, तर ते मीठ, म्हणजे घामाचं किंवा पाण्यातलं. ते बहुतेक कॉलर आणि काखेजवळ असतं. दोन्हींनी जात नाही, ठिपक्याठिपक्यांनी वाढलंय, जवळ नेलं की ओल्या मातीसारखा कुबट वास येतो, तर ती बुरशी.

चरबी वर का येते? क्रीममधली किंवा मूळ चामड्यातली जड स्निग्धाम्लं (चरबीचे घटक) थंडीत गोठतात आणि पृष्ठभागावर बारीक स्फटिक धरतात. चामड्याला जेवढं पेलतं त्याहून जास्त दिलं की हे हमखास होतं. खोबरेल लावणाऱ्यांकडे तर अधिकच. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं हे थंडीतली बाटली पाहून आपल्याला ठाऊकच आहे. शिवाय ते खवट होतं, अस्तरात उतरतं आणि बुरशीला खाद्य देतं. मोहरीच्या तेलाचाही हाच सल्ला घरोघरी मिळतो. कृपा करून ऐकू नका.

उपाय सोपा आहे: गरम हवा द्यायची, चरबी पातळ असतानाच कोरड्या सुती फडक्याने टिपायची, प्रत्येक वेळी फडक्याची नवी बाजू घ्यायची. तीन-चार फेऱ्या लागतात. व्हिनेगर इथे निरुपयोगी. मिठाला फक्त पिळलेलं ओलं फडकं, शक्य असेल तर डिस्टिल्ड पाण्याचं. बुरशी असेल तर जॅकेट गच्चीवर न्या, नाकाला फडकं बांधा, कोरड्या ब्रशने झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. अल्कोहोल रंग काढू शकतं, म्हणून आधी आतल्या दुमडीवर पाहून घ्या.

तेव्हा क्रीमबद्दलचं माझं मत बदललंय, पण उलटलेलं नाही. क्रीम चांगलं आहे, बाटलीवरचं वाक्य वाईट आहे. माझ्या मापाच्या जॅकेटला एका वेळी १० ते १५ मिली पुरतं, म्हणजे दोन-तीन छोटे चमचे. फडक्यावर घेऊन लावा, थेट चामड्यावर ओतू नका, डाग राहतो. अर्ध्या तासाने जे वर उरलंय ते पुसून काढा. वर्षातून दोनदा बस्स: थंडी सुरू होण्याआधी आणि जॅकेट कपाटात जाण्याआधी. ड्रायक्लीनरकडून कडक होऊन आलेल्याला पहिल्यांदा दोन पातळ हात, मध्ये एक दिवस सोडून.

कपाटाबद्दल एक गोष्ट ग्वाल्हेरकरांनी लक्षात घ्यावी. मे-जूनमध्ये बाहेर कोरडी लू असते, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ज्या खोलीत कूलर दिवसभर चालतो तिथली हवा दमटच असते. सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला पुरतं. जॅकेट कूलरच्या खोलीत ठेवू नका. लोखंडी पेटीतही नको, ती उन्हाळ्यात तापते. प्लास्टिकचं कव्हर काढून टाका आणि जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा वरून घाला, रुंद खांद्याच्या हँगरवर. डांबराच्या गोळ्या चामड्याला टेकू देऊ नका, वास महिनोन्‌महिने जात नाही.

वास बहुतेक वेळा चामड्याचा नसतोच, अस्तराचा असतो. जॅकेट उलटं करा, काख आणि मानेपाशी त्याच शाम्पूच्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरवा, पंख्याखाली वाळवा. खाण्याचा सोडा कोरडाच भुरभुरवून रात्रभर ठेवून झटकला तरी फरक पडतो, मात्र तो अस्तरापुरताच. चामड्यावर पडला तर लगेच झटका.

मावठ्याच्या पावसात भिजलं तर टॉवेलने टिपा, दाबू-पिळू नका, खिसे रिकामे करून एक-दोन दिवस पंख्याच्या हवेत ठेवा. हीटरसमोर ठेवलेलं ओलं चामडं आकसतं आणि ते परत येत नाही. बूट पॉलिश लावून रंग भरू नका, सदऱ्याची कॉलर काळी होते.

चेनच्या पितळी दातांवर हिरवट मेण साचत असेल तर तो क्रीममधल्या चरबीचा आणि पितळेतल्या तांब्याचा मेळ आहे. काडीने खरवडा, ब्रश मारा, दातांवर मेणबत्ती फिरवा. रनर (चेन ओढायची सरकती कडी) बंद करूनही दात उघडे राहतात तेव्हा दात ठीक असतात, रनरचं तोंड फाकलेलं असतं. पक्कडीने दोन्ही बाजूंनी थोडं थोडं दाबा, एकदम जोर लावला तर रनर तुटतो.

बाटलीत अजून अर्ध्याहून जास्त क्रीम शिल्लक आहे. पुढचा हात होळीनंतर, तोही कोपर, कॉलर आणि खिशांच्या तोंडापुरता.