रिस्पेरिडोन आणि नंतर अरिपिप्राझोल : मनावर झालेल्या परिणामांचा अनुभव

रिस्पेरिडोन या भास-संशयावरच्या गोळीने मला ऐकू येणारे आवाज थांबवले. हे आधी सांगते, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्या वाचून कुणी गोळी बंद करू नये. शेजारपाजारचे लोक माझ्याबद्दलच बोलतायत, नळाच्या पाण्यातून माझं नाव ऐकू येतंय, यातून मी काही आठवड्यांत बाहेर आले. झोप लागायला लागली, कामावर जाऊ लागले. घरच्यांचा जीव भांड्यात पडला.

आवाजांबरोबर आणखीही बरंच काही गप्प झालंय, हे हळूहळू लक्षात आलं. दोन मिलिग्रॅमवर फारसं जाणवलं नव्हतं, डोस चारवर गेल्यावर वाढलं. होळीला आईने पुरणपोळी केली होती. कटाच्या आमटीत मीठ कमी आहे हे पहिल्याच घासाला कळलं, तसं मी सांगितलंही. म्हणजे जिभेला सगळं समजत होतं. पण दुसरी पोळी घ्यावी असं वाटलं नाही, नको असंही वाटलं नाही. आईने वाढली, मी खाल्ली. दादाने विचारलं, "आवडली का गं?" मी हो म्हणाले. पण ते उत्तर मी आठवून दिलं होतं. मला पुरणपोळी आवडते ही माहिती माझ्याकडे होती, आवड नव्हती.

असंच सगळ्या गोष्टींचं झालं. मैत्रिणीचा फोन आला तर उचलायचे, पण स्वतःहून करावासा वाटायचा नाही. चुलत्यांच्या दहाव्याला सगळे रडत होते आणि मी चपला नीट लावत बसले. लोकांना वाटलं, पोरगी किती सावरली!

ही औषधं मेंदूत निरोप पोचवणाऱ्या डोपामिन या रसायनाचे डी-टू रिसेप्टर, म्हणजे ते रसायन जिथे जाऊन बसतं त्या जागा, अडवतात. भास आणि संशय कमी होतात ते त्यामुळेच. पण एखादी गोष्ट हवीशी वाटणं, तिच्यासाठी उठून जावंसं वाटणं, यालाही तेच डोपामिन लागतं. १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर या मानसोपचारतज्ज्ञांनी क्लोरप्रोमाझिन हे याच गटातलं जुनं औषध रुग्णांना द्यायला सुरुवात केली, तेव्हाच रुग्णांमध्ये येणाऱ्या अलिप्ततेची नोंद त्यांनी केली होती. म्हणजे हे कालपरवा कळलेलं नाही. तरीही मला गोळी सुरू करताना वजन, झोप, हात थरथरणं एवढंच सांगितलं गेलं. याचा मला राग आहे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार सुचवलेल्या उपचारांचे माहीत असलेले दुष्परिणाम, आपल्याला समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे. "काहीच वाटत नाही" हाही दुष्परिणामच आहे.

आधीच्या डॉक्टरांना आईने सांगितलं तर ते म्हणाले, हा आजाराचाच भाग आहे. तसं असूही शकतं, हे मान्य. स्किझोफ्रेनियात भावना बोथट होतात, नैराश्यातही होतात आणि औषधानेही होतात, बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. फरक काढायचा तर कधीपासून काय बदललं ते बघावं लागतं. दादाने वहीत डोस वाढल्याच्या तारखा लिहिल्या होत्या. दुसऱ्या डॉक्टरांनी ती वही शांतपणे वाचली, माझे हात मनगटातून वाकवून ताठरपणा पाहिला, रडू येतं का, जगणं नकोसं वाटतं का, हे विचारलं. मग पाळीबद्दल विचारलं. पाळी बंद झाली होती आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, त्याने पाळी जाते आणि शरीराची इच्छाही जाते. रक्ततपासणीत ते वाढलेलंच निघालं. बायकांनो, हे लाजेखातर दडवू नका. पुरुषांनाही हा त्रास होतो, तेही बोलत नाहीत.

रिस्पेरिडोन हळूहळू कमी करत अरिपिप्राझोल हे त्याच गटातलं दुसरं औषध सुरू केलं. ते डोपामिन पूर्ण अडवत नाही, थोडं चालू ठेवतं. प्रोलॅक्टिन उतरलं, पाळी आली. पण सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. बसवेना. जेवताना ताटावरून उठायचे, गॅससमोर उभी असले तर एका पायावरून दुसऱ्या पायावर, रात्री अंथरुणात पाय सतत हलवत. आतून अशी तगमग की कातडीतून बाहेर पडावंसं वाटे. आईला वाटलं आजार उलटला. याला अकाथिसिया म्हणतात. ती वरवर चिंता किंवा वेडाचा झटका वाटते, म्हणून कधीकधी डोस कमी करण्याऐवजी वाढवला जातो. यात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचारही येऊ शकतात, त्यामुळे पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच फोन करा. रात्री-अपरात्री कुणीच मिळालं नाही तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर आहे, मराठीतही बोलतात. माझा डोस उतरवला, दम्याचा त्रास नाही ना हे विचारून तगमगीवर प्रोप्रॅनोलॉल ही गोळी दिली, मग तगमग बसली.

आताचा डोस मुद्दाम लिहीत नाही. माझा तुम्हाला लागू पडणार नाही. एखाद्याला रिस्पेरिडोनच मानवतं आणि डोस थोडा कमी केल्यावर भागतं, एखाद्याला क्लोझापिन या याच गटातल्या आणखी एका औषधाशिवाय आराम पडत नाही. आणि अचानक बंद करणं हा उपाय नाहीच. आमच्या ओळखीतल्या एकाने तसं केलं आणि तो पुन्हा वॉर्डात गेला.

आता मला राग येतो. परवा ऑफिसात कुणीतरी माझ्या टेबलावरची फाईल न विचारता नेली तर मी चिडून बोलले, आणि घरी आईला ते सांगितलं तर ती चक्क खूश झाली. गाणी अजून पूर्वीसारखी आत जात नाहीत. संध्याकाळी काही तास पुन्हा सपाट वाटतं, ते औषधाचं की आजाराचं, हे बघायला डॉक्टरांनी पुढच्या भेटीपर्यंत वही चालू ठेवायला सांगितलंय. यावेळी नोंदी मीच करते.