पायलट बेअरिंग: बुश की बेअरिंग, ठोकायचं की दाबून बसवायचं?

गिअरबॉक्स खाली उतरवलाय, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी आलीय आणि क्रँकच्या टोकातला तो छोटा पायलट, म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक पेलणारं बेअरिंग किंवा बुश, बदलायचा राहिलाय. भाग स्वस्त, पण बसताना छळतो. घाईत चुकीचा बसला तर सगळा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. म्हणून हातोडी उचलण्याआधी दोन गोष्टी ठरवा: कुठला भाग घ्यायचा आणि तो कसा बसवायचा.

आधी तुमच्या गाडीत पायलट आहे का ते बघा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत तो नसतो, कारण इनपुट शाफ्टला दोन्ही आधार गिअरबॉक्समध्येच मिळतात. बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ, इनोव्हा यांसारख्या गाड्यांत मात्र शाफ्टचं नाक क्रँकमध्ये किंवा फ्लायव्हीलच्या मध्यात टेकतं. क्लचचं पेडल सोडलेलं असताना क्रँक आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, तेव्हा पायलटला काम नसतं. पेडल दाबल्यावर क्रँक फिरतो, शाफ्ट थांबतो आणि सगळं घर्षण पायलटमध्ये होतं. त्यामुळे गाडी उभी, गिअर टाकलेला, पेडल पूर्ण खाली आणि तेव्हाच आवाज, तर संशय पायलटवर घ्या. पेडलला पाय टेकताच आवाज सुरू होत असेल तर तो रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणाऱ्या बेअरिंगचा. पायलट जाम झाला तर पेडल दाबूनही शाफ्ट फिरत राहतो आणि रिव्हर्स टाकताना दात करकरतात.

बुश, बॉल की नीडल

पहिला नियम सरळ आहे: जे निघालं तेच, त्याच मापाचं घ्या. जुन्या जीपमध्ये ब्राँझचा बुश (गोळ्या नसलेली साधी नळी) येतो, इतर बऱ्याच गाड्यांत बॉल बेअरिंग. बॉल बेअरिंगचं माप त्याच्यावरच छापलेलं असतं: 6202 म्हणजे आतून 15, बाहेरून 35, जाडी 11 मिमी, 6203 म्हणजे 17, 40, 12. नंबर पुसला असेल तर व्हर्निअरने मोजा. पुण्यात नाना पेठेत जाणार असाल तर जुना पीस खिशात ठेवा. दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं, म्हणजे 2आरएस मागा. क्लचची धूळ उघड्या बेअरिंगला लवकर खाते.

पण त्याआधी शाफ्टचं नाक बघा, कारण निवडीचा खरा निकाल तिथे लागतो. नीडल बेअरिंगच्या सुया थेट नाकावर फिरतात. तिथे चर पडलेले असतील तर नवं नीडलही लवकर जाईल आणि जाताना शाफ्ट आणखी खराब करेल. बॉल बेअरिंगमध्ये आतली रिंग नाकाबरोबर फिरते, म्हणून किरकोळ ओरखडे चालून जातात. पण नाक झिजून बारीक झालं असेल तर ते रिंगमध्येच घसरत राहतं. बुश सगळ्यांत सोशिक: वंगण संपलं तरी आधी स्वतः झिजतो आणि बहुतेक वेळा शाफ्ट वाचवतो. नीडल आणि बुश एकाच बाहेरच्या मापात मिळत असतील आणि नाक डागाळलेलं असेल, तर बुश घ्या. शाफ्ट बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स उघडणं आलं.

जुना काढताना

बंद खड्ड्यातल्या बुशला ग्रीसची युक्ती उत्तम लागू पडते. पोकळी ग्रीसने गच्च भरा, बुशच्या आतल्या मापाला जेमतेम मावणारी सळई घाला आणि हातोडीचे ठोके द्या. ग्रीसला जायला जागा नसते, ते मागून बुशला बाहेर ढकलतं. सळई सैल असली तर ग्रीस तोंडावर उडतं, म्हणून चष्मा घाला. बॉल बेअरिंगमध्ये ग्रीस गोळ्यांमधून निसटतं. तिथे भिजवलेला पाव किंवा ओला कागद ठासून तेच करतात. पण आतून पकडणारा पुलर मिळत असेल तर बॉलसाठी तोच घ्या. छिन्नीने फोडायला जाऊ नका: खड्ड्यावर ओरखडा पडला तर नवा भाग तिरका बसतो आणि शेजारी क्रँकचं मागचं ऑइल सील असतं. काढण्याआधी जुना भाग काठापासून किती आत आहे ते मोजून लिहून ठेवा.

नवा बसवताना

ठोकणं सोपं आणि जलद आहे, पण बॉल बेअरिंगला घाव फक्त बाहेरच्या रिंगवर बसला पाहिजे. 35 मिमीच्या रिंगला 33–34 मिमी बाहेरच्या व्यासाचा, सपाट तोंडाचा सॉकेट चालतो. आतल्या रिंगवर ठोकलं की गोळ्यांचे ठसे धावेवर उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. नीडलची छापील बाजू तुमच्याकडे ठेवा. तीच कडा मार सहन करते. भाग अडून बसतो तो बहुतेकदा तिरका गेल्यामुळे. अशा वेळी जोर वाढवू नका, बाहेर काढा आणि पुन्हा सरळ लावा.

दाबून बसवायला थोडी तयारी लागते: जाड लोखंडी पट्टी फ्लायव्हीलच्या दोन बोल्टनी क्रँकवर आडवी घ्यायची आणि दोन्ही बोल्ट पाव-पाव फेरा आळीपाळीने आवळायचे. काठापेक्षा आत न्यायचं असेल तर पट्टीखाली स्पेसर हवा. भाग सरळ जातो, क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या) धक्के बसत नाहीत. खड्डा घट्ट असेल किंवा हात सरावलेला नसेल तर हीच पद्धत निवडा.

फ्रीझरचा उपयोग होतो, पण मर्यादित. 30 अंशांवरचं 35 मिमीचं स्टील बेअरिंग उणे 18 अंशांवर नेलं तर व्यास साधारण 0.02 मिमीने घटतो. बॉलसाठी एवढं पुष्कळदा पुरतं, घट्ट बुशसाठी अपुरं पडतं. तेलाचा हात देऊन पिशवीत गुंडाळून ठेवा, नाहीतर बाहेर काढल्यावर दव धरतं. क्रँक मात्र ज्योतीने तापवू नका, सील जळतं.

बुशची खरी अडचण वेगळीच आहे. खड्ड्यात दाबला की त्याचा आतला व्यास आवळतो. हातात असताना शाफ्टवर लोण्यासारखा सरकणारा बुश बसवल्यावर नाक आत घेत नाही. तो रीमरने (भोक मोठं करायच्या हत्याराने) घासण्याचा मोह आवरा: छिद्राळ ब्राँझची तेल सोडणारी छिद्रं बुजतात. लेथवाल्याकडून पुढे नाकाच्या मापाची, गुळगुळीत पिन असलेली ड्रिफ्ट (बुश ढकलायची दांडी) करून घ्या आणि पिन बुशच्या आत ठेवूनच बुश दाबा. त्याआधी बुश इंजिन ऑइलमध्ये रात्रभर बुडवा, किंवा आत तेल भरून दोन्ही तोंडं अंगठ्यांनी दाबा. बाहेरच्या अंगावर तेलाचे थेंब फुटेपर्यंत. ग्रीस लावू नका.

शेवटी गिअरबॉक्स चढवताना एक-दोन सेंटीमीटर फट राहिली, तर बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनला जोडणाऱ्या तोंडाचे) बोल्ट आवळून ती ओढून घेऊ नका. ॲल्युमिनियमचे कान तुटतात, क्लच प्लेटचा हब वाकतो, नवा पायलट चिरडतो. टॉप गिअर टाकून मागचा फ्लँज हळू फिरवा म्हणजे स्प्लाइन (शाफ्टवरचे आणि क्लच प्लेटच्या हबमधले दाते) जुळतील. तरी अडलं तर क्लच प्लेट मध्यात आहे का ते अलाइनमेंट टूलने पुन्हा तपासा. प्लेट मध्यात असूनही तेवढीच फट राहत असेल, तर बुश आवळलाय. गिअरबॉक्स खाली घ्या आणि आतला व्यास मोजा.