आधी सिमेंट, मग प्रवासी: ‘आरानुई ५’ने मार्केसास

फ्रेंच पॉलिनेशियातल्या ताहिती बेटावर, पापेएतेच्या मोतू उता धक्क्यावर हे जहाज उभं असतं तेव्हाच कळतं की याचे दोन संसार आहेत. पुढच्या अर्ध्या भागात दोन दणकट क्रेन आणि मालाचे खण. मागच्या अर्ध्यात केबिन, जेवणघर, बार आणि पोहायला एक छोटा हौद. लांबी १२६ मीटर, प्रवासी अडीचशेच्या घरात, २०१५ च्या अखेरीपासून सेवेत. ‘आरानुई’ म्हणजे मोठी वाट. ताहितीच्या ईशान्येला सुमारे १४०० किलोमीटरवर असलेल्या मार्केसास बेटांना सिमेंट, तांदूळ, बिअर, इंधनाची पिंपं, गाड्या, फ्रिज, सगळं याच वाटेने जातं. येताना सुकं खोबरं, बारतोंडीची फळं आणि लिंबं येतात.

तिकी, म्हणजे पूर्वजांच्या कोरीव मूर्ती, बघायला जायचं म्हणून हे जहाज घ्यावं का? घ्यावं, पण ते मालवाहू आहे हे पटलेलं असेल तरच. ‘क्रूझ’ हा शब्द वाचून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला क्रेनच्या घरघरीने जागा होतो आणि तक्रारवही शोधू लागतो. त्याने बोरा बोरालाच जावं.

आधी एक गल्लत दूर करू. बांबूचं छत, मातीच्या तिकी-मगात रम आणि वर कागदी छत्री, हे सगळं कॅलिफोर्नियातलं. १९३० च्या दशकात हॉलीवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ आणि ओकलंडमध्ये ‘ट्रेडर विक्स’ या बारनी ते उभं केलं. माय ताय हे पेयही तिकडचंच. मार्केसासमध्ये तिकी म्हणजे पूर्वज, आणि परंपरेनुसार तिकी हाच पहिला माणूस घडवणारा. डोकं धडाच्या मानाने अवाढव्य, डोळे मोठे गोल, तोंड आडवं रुंद, हात पोटावर. तो देवस्थानावर उभा असतो, बारमध्ये नाही. हा फरक ज्याला ओझं वाटत नाही त्यालाच ही सफर फळते.

फेरी साधारण बारा दिवसांची. जाताना वाटेत तुआमोतू द्वीपसमूहातलं एखादं प्रवाळबेट, मग जवळजवळ एक अख्खा दिवस नुसतं पाणी, मग मार्केसासची वस्ती असलेली सहाही बेटं: नुकू हिवा, उआ पोऊ, उआ हुका, हिवा ओआ, ताहुआता, फातू हिवा. परतीला रांगिरोआ किंवा बोरा बोरा जोडलेलं असतं. बेटांचा क्रम फेरीनुसार बदलतो, तो आरक्षणाच्या वेळी विचारून घ्या. घड्याळ ताहितीपेक्षा अर्धा तास पुढे करायचं असतं. हे विसरणारे प्रत्येक फेरीत निघतात आणि पहिल्या जेवणाला उशिरा पोचतात.

दुसरी मालवाहू जहाजं का नाहीत, असं विचारलं जातं. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांप्रमाणे बारापेक्षा जास्त प्रवासी नेणारं जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरतं आणि सुरक्षेचे सगळे निकष बदलतात. त्यामुळे साध्या मालवाहू जहाजावर जागा मिळालीच तर ती मोजकी, बेभरवशाची आणि बेटं बघण्यासाठी नव्हे. माल उतरला की ते निघतं. ‘आरानुई’ दोन्ही निकषांत बसतं, हेच त्याचं वेगळेपण.

केबिनबद्दल थोडक्यात. सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे सामायिक खोलीतला बंक, सामायिक न्हाणीघरासह. जेवण, गाइड आणि बहुतेक सहली सगळ्यांना सारख्याच मिळतात, त्यामुळे पैसे वाचवायचे तर इथेच वाचवा. वरच्या मजल्यांवरच्या बाल्कनीवाल्या खोल्या दिसायला देखण्या, पण जहाज डुलतं तेव्हा उंचावर जास्त डुलतं. खाली डुलणं कमी, इंजिनाची धडधड जास्त. जाताना पूर्वेचे व्यापारी वारे आणि लाटा समोरून येतात, म्हणून पहिली मोठी मजल हीच खरी परीक्षा. गोळी मळमळायला लागल्यावर नाही, जहाज सुटण्याच्या आधी घ्यायची असते. लाटेने पोट ढवळल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकतच नाही.

आता उतरण्याबद्दल सविस्तर, कारण सफरीतले बहुतेक खरचटलेले गुडघे इथलेच.

मार्केसासला ताहितीसारखी प्रवाळाची भिंत नाही, म्हणून सरोवरासारखं शांत पाणीही नाही. महासागराची लाट सरळ खाडीत शिरते. नुकू हिवावरचं तायोहाए, उआ पोऊवरचं हाकाहाऊ आणि हिवा ओआवरचं आतुओना यांच्या बाजूला धक्का आहे. फातू हिवा, ताहुआता आणि हिवा ओआच्याच पुआमाऊला मात्र जहाज बाहेर नांगरतं आणि माणसं बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या पडावाने, किंवा होडीने किनाऱ्यावर जातात. शिडीच्या तळाशी दोन खलाशी उभे असतात, सहसा गोंदलेले, दंड मांडीएवढे. तुमचा हात ते मनगटाला नव्हे, कोपराजवळ धरतात, आणि तुम्हीही त्यांचा तसाच धरायचा. बार्ज लाटेसोबत वर येतं, क्षणभर थांबतं, खाली जातं. पाऊल त्या थांबलेल्या क्षणी टाकायचं. खाली जात असताना टाकलं तर अर्धा मीटर हवेत पडता. वर येत असताना टाकलं तर गुडघ्याला दणका बसतो. खलाशी ‘आता’ म्हणेपर्यंत हलू नका आणि म्हणाला की विचार करू नका. दोन्ही हात मोकळे हवेत. कॅमेरा गळ्यात नाही, पाठीवरच्या जलरोधक पिशवीत. चपला नकोत, मागे पट्टा असलेले आणि ओल्यावर न घसरणारे सँडल हवेत. लाट फार असली तर उतरणं रद्द होतं आणि त्यावर वाद घालून उपयोग नसतो.

माल उतरवताना बघणं हा या तिकिटाचा निम्मा वसूल भाग आहे. सगळ्यात प्रेक्षणीय जागा उआ हुकाची वाइपाएए खाडी. दोन्हीकडे उभे कडे आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात हे १२६ मीटरचं धूड जागच्या जागी वळवतात. खलाशी होडीतून दोरखंड नेऊन कड्याला बांधतात आणि जहाज तिथे धरून ठेवतात. हे पहाटेच्या सुमाराला होतं. नाश्ता नंतर करा, आधी डेक गाठा. परतीच्या वाटेवर खोबऱ्याच्या पोत्यांचा गोडसर, किंचित खवट वास खणातून वर येत राहतो. कोणाला तो आवडतो, कोणाला दोन दिवस डोकेदुखी.

तिकींसाठी दोनच दिवस निर्णायक: हिवा ओआवरचं पुआमाऊ आणि नुकू हिवावरचं हातिहेऊ.

पुआमाऊच्या ईपोना देवस्थानात ताकाई उभा आहे, अडीच मीटरहून थोडा उंच. फ्रेंच पॉलिनेशियातला हा सगळ्यात मोठा दगडी तिकी मानला जातो. जर्मन मानववंशशास्त्रज्ञ कार्ल फॉन डेन श्टाइनेन यांनी १८९७ मध्ये इथल्या मूर्तींची नोंद केली आणि १९९१ मध्ये पिएर व मारी-नोएल ओतिनो या पुरातत्त्वज्ञांनी जागा पुन्हा उभी केली. गर्दी सगळी ताकाईपुढे जमते. तुम्ही आधी माकी ताउआ पेपेकडे जा. ही मूर्ती पालथी आडवी आहे, मान पुढे ताणलेली, आणि ती बाळंत होणारी स्त्री असल्याचं सांगतात. तिच्या बैठकीच्या दगडावर चार पायांचे छोटे प्राणी कोरलेले आहेत. नॉर्वेजियन संशोधक थोर हेयरडाल यांना त्यात दक्षिण अमेरिकेतले प्राणी दिसले, बहुतेक अभ्यासकांना कुत्रे दिसतात. खाली वाकून, तिरप्या उजेडात बघितलं तरच ते डोळ्यांना सापडतात, उभ्याने बघणारा दगड बघून परत जातो. मूर्तींच्या वर छपरं घातलेली आहेत, कारण हा दगड मऊ ज्वालामुखी टफ, म्हणजे राखेपासून झालेला खडक, आहे आणि पाऊस त्याला खातो. त्याच कारणासाठी हात लावायचा नाही, दगडी चौथऱ्यावर चढायचं नाही, आणि कोरीवकाम उठून दिसावं म्हणून खडू तर अजिबात फासायचा नाही.

हातिहेऊचा मामला वेगळा. तिथे मूर्तीपेक्षा जागा मोठी. कामुइहेई परिसरात प्रचंड वडाच्या मुळांमध्ये दगडी चौथरे, ज्यांना पाएपाए म्हणतात, आणि कोरलेले दगड आहेत. वडाखाली उजेड इतका कमी की फोनचे फोटो हिरवट काळे येतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदना, हाताने वाढवा आणि फ्लॅश बंद ठेवा, त्याने कोरीव रेषा सपाट होतात. जवळच्या हिकोकुआ मैदानावर नाच होतो. त्याला तोहुआ म्हणतात, म्हणजे गावाचं समारंभाचं पटांगण. जेवण उमूचं: जमिनीत पुरून भाजलेलं डुक्कर, नीरफणस, केळी. आंबवलेल्या नीरफणसाचं पोपोई समोर येईल. आंबट, चिकट, पहिल्या घासाला अनोळखी. नारळाच्या दुधातल्या बकऱ्याबरोबर मात्र छान लागतं.

या सेवेची खरी उणीवही याच दोन ठिकाणी दिसते. दोनशेहून जास्त माणसं एका देवस्थानावर एकदम पोचतात आणि वेळ तासाभराचा. उपाय दोन. एक, गाइडच्या भाषेच्या गटांपैकी जो लहान असेल त्यात नाव घाला. दोन, गट नाचाकडे वळला की उलट्या दिशेने जा. ज्याला ताकाईपुढे एकट्याने बसायचं आहे त्याने जहाज न घेता विमानाने हिवा ओआला उतरावं, आतुओनाहून चारचाकीने वळणावळणाच्या रस्त्याने पुआमाऊ गाठावं. आतुओनाला असाल तर विमानतळाच्या रस्त्याजवळ झाडीत लपलेला हसरा तिकीही बघा. तो लहानसा आहे, वाटेवर धड पाटी नाही, म्हणून स्थानिक माणूस सोबत घ्या. पण विमानाच्या या मार्गाने ताहुआता आणि फातू हिवा सुटतात. तिथे धावपट्टीच नाही.

उआ हुकाच्या हाने गावावरच्या डोंगरात मेइआउतेचे लाल दगडी तिकी आहेत. चढ थोडा, गर्दी बेतास बात, आणि ज्यांना ईपोनात धड काही बघता आलं नाही त्यांची भरपाई इथे होते.

फातू हिवावर ओमोआहून हानावावेपर्यंत डोंगरातून चालत जाता येतं, सुमारे १७ किलोमीटर. आधी सहाशे मीटरचा चढ, मग लांबलचक उतार. लोक चढाला घाबरतात, गुडघे मात्र उतारावर जातात. माणशी दोन लिटर पाणी लागतं, वाटेत सावली थोडी. चालायचं नसेल तर बाकीचे जहाजानेच पुढच्या खाडीत जातात. ओमोआला तापा बनवताना बघा: सालीच्या आतला थर ठोकून ठोकून कापडासारखा करतात. कागदी तुतीचा पांढरा, नीरफणसाचा फिकट तपकिरी, वडाचा गडद. विकत घेतलात तर घडी घालू नका, नळीत गुंडाळा, घडीची रेघ कधीच जात नाही.

नोनो नावाच्या बारीक माश्यांबद्दल दोन शब्द. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी खाज सुटते, खाजवलं की पू होतो. किनाऱ्यावर ओल्या अंगाने वाळूत बसणं म्हणजे आमंत्रणच. लांब बाह्या घाला आणि उघड्या अंगाला तेल चोपडा. गावातली माणसं खोबरेल तेलाचं मोनोई लावतात.

खरेदीसाठी रोख ठेवा. चलन पॅसिफिक फ्रँक, एका युरोला ११९.३३, दर कायमचा बांधलेला. फातू हिवा आणि ताहुआताला कार्डावर विसंबू नका. जहाज आलं की गावातलं हस्तकला केंद्र उघडतं. घासाघीस करायची पद्धत नाही आणि केलीत तर कारागीर नुसता हसून दुसरीकडे बघतो. लाकडी तिकी घेताना तो उलटा करा: तळाच्या मधोमध बारीक चिरा दिसल्या तर लाकूड ओलं आहे आणि वातानुकूलित घरात ते फाटणार. मिरो, म्हणजेच पारसपिंपळ, लालसर आणि बारीक पोताचा असतो. उआ पोऊला फुलांसारखे ठिपके असलेला दगड कोरतात, ती तिथली खासियत. नक्षीदार गदा घेतलीत तर ती विमानात हातातल्या सामानातून जाणार नाही, मोठ्या बॅगेत बसेल एवढीच घ्या. परतताना न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियातून जाणार असाल तर प्रत्येक लाकडी वस्तू अर्जावर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू तपासून बहुधा परत देतात, लपवलेली सापडली तर दंड बसतो.

कागदपत्रांत एकच खड्डा, पण खोल: फ्रेंच पॉलिनेशिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, नाही. शेंगेनचा साधा शिक्का इथे चालत नाही, फ्रेंच वकिलातीकडून या प्रदेशासाठी वैध असलेला व्हिसा लागतो. विम्यात हवाई रुग्णवाहतूक असलीच पाहिजे. तायोहाएला रुग्णालय आहे, पण मोठी शस्त्रक्रिया म्हणजे ताहिती, आणि फातू हिवाहून निघायचं तर आधी लाट ओसरायला हवी.