मास्टर्स जलतरण स्पर्धा आणि व्यावसायिक खेळाडू: दोन दिवसांच्या अनुभवाचे परीक्षण

गेल्या हिवाळ्यात आपल्या राज्यात झालेल्या एका दोन दिवसांच्या मास्टर्स, म्हणजे वयोगटांनुसार होणाऱ्या प्रौढांच्या, जलतरण स्पर्धेत मी ४५ ते ४९ या महिला वयोगटातून तीन शर्यतींसाठी प्रवेशिका भरली होती. शुल्क देऊन घेतलेली ही एक सेवा आहे आणि इतर कोणत्याही सेवेप्रमाणे तिचेही परीक्षण व्हायला हवे, असे मला वाटते. आयोजक संस्थेचे नाव मात्र मी येथे देत नाही, कारण पुढच्या स्पर्धा अधिक चांगल्या व्हाव्यात एवढाच माझा हेतू आहे.

व्यवस्थेतील बहुतेक गोष्टी समाधानकारक होत्या. ५० मीटरचा तलाव स्वच्छ होता, वॉर्मअपसाठी सकाळी पुरेसा वेळ मिळाला आणि पंचांना मास्टर्सचे नियम नीट ठाऊक होते. पासष्टीच्या पुढच्या एका काकूंना ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या उंच चौथऱ्यावरून, सूर मारण्याची भीती वाटत होती, तेव्हा पंचांनी त्यांना पाण्यात उतरून भिंतीला हात लावून सुरुवात करण्याची मुभा स्वतःहून सांगितली. बटरफ्लायमध्ये ब्रेस्टस्ट्रोकची लाथ मारणे मास्टर्समध्ये चालते, हेही त्यांनी एका नवख्या स्पर्धकाला शर्यतीपूर्वी समजावून दिले.

तक्रारीचा सूर उमटला तो कपडे बदलण्याच्या खोलीत. ३५ ते ३९ वयोगटातील माझी एक मैत्रीण बँकेत नोकरी करते आणि गेली दोन वर्षे पहाटे साडेपाचला तलावावर येऊन सराव करते. तिच्या शर्यतीत ती चौथी आली. पहिल्या तिघींपैकी दोघी खेळाडू कोट्यातून नोकरीला लागलेल्या आणि तिसरी प्रशिक्षक. ‘पोहणे हेच ज्यांचे काम आहे त्यांच्याबरोबर आम्ही कशासाठी पोहायचे?’ असे तिने विचारले. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि तो प्रश्न तिथल्या तिथे उडवून लावावा असा नव्हता.

आपल्याकडे केवळ बक्षिसांच्या आणि जाहिरातींच्या पैशावर जगणारे जलतरणपटू फारसे नाहीत, त्यामुळे ‘व्यावसायिक’ या शब्दाचा अर्थ आधी ठरवावा लागतो. रेल्वे, पोलीस आणि सेनादले यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत स्वतंत्रपणे उतरतात, आणि अशा संघांतील खेळाडूंसाठी सराव हा बऱ्याच अंशी कर्तव्याचाच भाग असतो. प्रशिक्षकांचा तर दिवसच तलावाच्या काठावर जातो. माझ्या मैत्रिणीचा रोख या सर्वांवर होता.

वयाची अट त्यांना आपोआप बाजूला ठेवत नाही. प्रौढांसाठी संघटित जलतरण स्पर्धा १९७० मध्ये अमेरिकेत सुरू झाल्या, टेक्सासमधील अमॅरिलो येथे. त्या काळी महाविद्यालय सुटले की बहुतेकांचे स्पर्धेतील पोहणे संपत असे, त्यामुळे पंचविशीची रेषा पुरेशी होती. आंतरराष्ट्रीय मास्टर्स स्पर्धेत आजही २५ वर्षे ही किमान मर्यादा आहे आणि त्यापुढे पाच-पाच वर्षांचे गट पडतात. परंतु २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक पुरुषांत कॅमरन मॅकेव्हॉयने आणि महिलांत सारा शोस्ट्रॉमने जिंकले, तेव्हा दोघेही ३० वर्षांचे होते. केवळ वय पाहिले तर जगातील सर्वांत वेगवान जलतरणपटू ३० ते ३४ या मास्टर्स गटात बसतात.

तरीही व्यावसायिक आणि माजी व्यावसायिक खेळाडूंना मास्टर्स स्पर्धेत पोहू द्यावे, असे माझे ठाम मत आहे. पंधराव्या वर्षापासून राज्यासाठी पोहलेल्या मुलीने तिशी ओलांडल्यावर कोठे पोहायचे? खुल्या गटात तिच्याहून निम्म्या वयाची मुले पुढे निघून जातात, आणि मास्टर्सचे दारही बंद केले तर तिला पाणी सोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अमेरिकेच्या जलतरणपटू डारा टॉरेस मूल झाल्यानंतर मास्टर्स स्पर्धांतून पुन्हा पाण्यात उतरल्या आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ४१ व्या वर्षी त्यांनी तीन रौप्यपदके मिळवली. शिवाय बंदीची रेषा नेमकी कोठे आखायची, याचे न्याय्य उत्तर मला सापडत नाही. खेळाडू कोट्यातून पोलिसात गेलेली आणि आता बारा-बारा तास बंदोबस्तावर उभी राहणारी चाळीस वर्षांची हवालदार व्यावसायिक मानायची की बँकेतील माझ्या मैत्रिणीसारखीच वेळ चोरून पोहणारी?

याच स्पर्धेतील माझी १०० मीटर फ्रीस्टाइलची शर्यत मला अधिक बोलकी वाटते. माझ्या शेजारच्या लेनमध्ये राष्ट्रीय पातळीवर पोहलेल्या एक ताई होत्या. शर्यतीआधी त्यांनी माझे वळण पाहिले आणि भिंतीजवळ येताना मी मान वर काढते ती काढू नये, एवढेच सांगितले. तेवढ्या एका सूचनेने त्या दिवशीचे माझे वळण सुधारले. कृष्णेच्या पात्रात पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेल्या माझ्यासारखीला अशा जलतरणपटूशेजारी उभे राहायला मिळणे हाच या स्पर्धेचा सर्वांत मोठा लाभ आहे. विरधवल खाडे यांच्यासारखा कोल्हापूरचा आशियाई पदकविजेता उद्या एखाद्या मास्टर्स स्पर्धेत उतरला, तर त्याच्या हीटमध्ये, म्हणजे एका वेळी पोहणाऱ्यांच्या तुकडीत, शेवटचे येण्यासाठीसुद्धा अनेक जण आनंदाने शुल्क भरतील.

सेवा कमी पडली ती त्यानंतर. ताईंनी १ मिनिट ८ सेकंदांत शर्यत संपवली, तेव्हा मी वळण घेऊन जेमतेम साठाव्या मीटरला पोहोचले होते. ध्वनिक्षेपकावरून विजेतीचे नाव पुकारले गेले, छायाचित्रकार पुढे सरसावले आणि पुढच्या हीटच्या स्पर्धकांना ब्लॉकमागे उभे करण्यात आले. मी भिंतीला हात लावला तेव्हा माझ्या लेनचे वेळाधिकारी दुसरीकडे पाहत होते. निकालाच्या मेजावर विचारल्यावर मला जी वेळ सांगण्यात आली ती काठावर बसलेल्या माझ्या मुलीने घेतलेल्या वेळेपेक्षा नऊ सेकंदांनी अधिक होती. भिंतीवर चिकटवलेल्या निकालपत्रकात तर प्रत्येक वयोगटातील पहिल्या तिघांचीच नावे आणि वेळा होत्या. माझ्या मैत्रिणीने त्या दिवशी आयुष्यातील सर्वोत्तम वेळ दिली होती, परंतु चौथी आल्यामुळे तिची कोठेही नोंद नाही.

माझ्या मते अन्यायाचे खरे मूळ येथे आहे. २०१५ मध्ये जपानच्या मिएको नागाओका यांनी वयाच्या १०० व्या वर्षी १५०० मीटर अंतर १ तास १५ मिनिटे ५४.३९ सेकंदांत पूर्ण केले. शेवटच्या स्पर्शापर्यंत घड्याळावर नजर ठेवून कोणीतरी उभे राहिले, म्हणूनच ही शतांश सेकंदापर्यंतची वेळ आज आपल्याला ठाऊक आहे. मास्टर्स स्पर्धा प्रत्येक स्पर्धकाला त्याची वेळ देण्यासाठी असते. ती वेळ अचूक घेऊन छापली जात असेल, तर पहिल्या तीन क्रमांकांवर कोण आले याने चौथीचे काहीच हिरावले जात नाही. केवळ तीन नावे छापली, तर व्यावसायिक खेळाडू आला की बाकीच्यांचे शुल्क आणि पहाटेचा सराव दोन्ही वाया गेल्यासारखे वाटणारच.

त्यावरचा उपाय खर्चिक नाही. या स्पर्धेच्या प्रवेशिकेत अपेक्षित वेळेचा रकानाच नव्हता. हीट केवळ वयोगटानुसार पाडल्या गेल्या आणि वयोगटात सहा-सातच नावे असल्यामुळे सगळ्याच एकत्र पोहल्या. मास्टर्समध्ये उपांत्य फेरी नसते, सर्व हीटमधील वेळा एकत्र करून क्रमांक लागतात. म्हणून दोन-तीन वयोगटांतील साधारण सारख्या वेगाच्या स्पर्धकांना एका हीटमध्ये घालून निकाल मागाहून वयोगटानुसार लावला, तर कोणाचेही नुकसान होत नाही, आणि माझ्यासारखीला शेवटपर्यंत शेजारी कोणीतरी हात मारत असल्याचा आधार मिळतो.

एका बाबतीत मात्र मी माझ्या मैत्रिणीच्या बाजूने आहे. रिले आणि सांघिक चषक यांसाठी काही संघ या वर्षीच्या खुल्या राष्ट्रीय स्पर्धेत पोहलेले खेळाडू ऐन वेळी उतरवतात, तसे येथेही झाले. वैयक्तिक शर्यतीत त्यांचे स्वागत असावे, परंतु त्यांचे गुण सांघिक चषकात धरू नयेत, कारण तो चषक वर्षभर एकत्र सराव करणाऱ्या गटांसाठी असतो.

या तिन्ही सूचना मी आयोजकांना पत्राने कळवल्या आहेत. पुढील वर्षी प्रवेशिकेत वेळेचा रकाना ठेवू, असे त्यांचे उत्तर आले आहे. बाकीच्या दोन सूचनांवर अद्याप निर्णय झालेला नाही. माझी मैत्रीण येणार की नाही हे तिने ठरवलेले नाही. मी १०० मीटर फ्रीस्टाइलसाठी पुन्हा नाव देणार आहे आणि त्या रकान्यात माझ्या मुलीने घेतलेली वेळ लिहिणार आहे: १ मिनिट ५८ सेकंद.