मातीचे निमित्त आणि चेनसॉची चेन

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले, त्यानंतर आमच्या वाडीतली मुळासकट उलथलेली आंब्याची झाडे तोडताना चेनसॉची (यंत्रावर चालणाऱ्या करवतीची) दातेरी चेन बोथट झाली आणि ती मी तालुक्याच्या ठिकाणी धार लावायला दिली. त्या दिवसांत तिथे गिऱ्हाइकांची रीघ लागली होती. दुकानदाराने चेन परत दिली, ती पुढच्याच बुंध्यात ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पाडू लागली. तक्रार केल्यावर उत्तर मिळाले, "मुळं कापलीत ना? माती खाल्लेली चेन धार धरत नाही, नवीनच घ्या."

हे उत्तर अर्धे खरे असल्यामुळेच खपते. दाताच्या वरच्या अंगाला क्रोमचा पातळ थर असतो आणि मातीतल्या वाळूने तो टोकाशी झिजतो. पण झिजलेला भाग संपेपर्यंत गोल कानशीने दात मागे घासला की धार पुन्हा येते. आमच्या चेनचे दात मात्र निळे पडले होते, म्हणजे ग्राइंडरवर दाबून धरल्याने पोलादाचे पाणी उतरले होते. शिवाय उजवीकडचे दात डावीकडच्यांपेक्षा आखूड केल्याने काप एका बाजूला ओढला जात होता, आणि दात लाकडात किती खोल जाईल हे ठरवणारा दातापुढचा उंचवटा चपट्या कानशीने उतरवायचा असतो, त्याला हातही लावलेला नव्हता. ही हानी मातीची नव्हे, दुकानातली.

"नवीन" म्हणून दिलेली चेन खोक्याशिवाय, तेलाने माखलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. घरी रॉकेलने धुतल्यावर बारच्या (चेन ज्या लांब पट्टीभोवती फिरते तिच्या) खाचेत फिरणाऱ्या कड्यांचे तळ घासलेले आणि दातांची लांबी कमीजास्त दिसली. कोणाची तरी जुनी चेन घासून मला पूर्ण किमतीत विकली होती. (माझी जुनी त्याने "भंगारात जाईल" म्हणून ठेवून घेतली होती, ती कुठे गेली असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.)

बिलावर केवळ "साहित्य" एवढेच लिहिलेले असल्याने भांडायला आधार उरला नाही. म्हणून धारेला देण्यापूर्वी दातांचे जवळून फोटो काढून ठेवावेत, जुनी चेन परत मागावी, नवी घेताना खोके आपल्यासमोर फोडायला लावावे आणि पिच (कड्यांमधले अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) व त्या कड्यांची संख्या बिलावर लिहून घ्यावी. लिहून द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडून चेन घेऊ नये.