औंधचं भवानी चित्रसंग्रहालय: सहावीत बघितलं ते आता रिटायर झाल्यावर परत

गेल्या रविवारी औंधला जाऊन आले. साताऱ्यापासून ४०-४५ किमी असेल, रहिमतपूरवरून गेलात तर रस्ता बरा, यमाईच्या डोंगराला जाताना मध्येच हे संग्रहालय लागतं. पहिल्यांदा आले ती सहावीत शाळेच्या सहलीत, नंतर चित्रकलेची बाई म्हणून ३१ वर्षांत पोरांना घेऊन कितीदा तरी, आणि आता पहिल्यांदाच एकटी, कुणाची हजेरी नाही की कुणाला "हात लावू नका रे" ओरडायचं नाही.

बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये हे उभं केलं. स्वतः चित्र काढणारा राजा, त्यामुळं काय जमवायचं ते त्यांना कळत होतं. रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर या चित्रकारांची चित्रं, सगळी ओरिजनल. रविवर्मा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर देवघरातली छापील लक्ष्मी-सरस्वती येते, मलाही सहावीपर्यंत तेवढंच माहीत होतं, पण इथं कॅनव्हासच्या अगदी जवळ उभं राहून साडीचा काठ बघा, जर वगैरे काही नसते, नुसते पिवळ्या-तपकिरी रंगाचे ब्रशचे फटके असतात, आणि दोन पावलं मागं सरकलं की लगेच जर चमकायला लागते. त्या दिवशी मी पुढं-मागं, पुढं-मागं इतकं केलं की आमचे सर रागावले. मी ड्रॉइंगला गेले ते या काठामुळं.

हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई-मूलसुद्धा इथं आहे, खटाव तालुक्यात! पोरं त्याच्यापुढं थांबत नाहीत, त्यांना थांबवायला लागतं. मी त्यांना सांगायची, नाक-डोळे शोधू नका, आईचा हात कुठं संपतो आणि मूल कुठं सुरू होतं तेवढं बोटानं हवेत काढून दाखवा. मग गप्प होऊन बघायची.

माधव सातवळेकरांचीही चित्रं आहेत, औंधातच लहानाचे मोठे झाले आणि पुढं राज्याचे कला संचालक. चित्रकलेच्या ज्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांसाठी मी जन्मभर पोरांकडून स्मरणचित्रं घोटून घेतली त्या त्याच कला संचालनालयाच्या. आणि शाळेत परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जायचा, त्याचं मला अजून वाईट वाटतं, खरंच वाटतं.

जाणार असाल तर वेळ आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, सकाळी जा, अख्खा दिवस काढा, तासाभरात उरकू नका. वर यमाईचं दर्शन नंतर करा, आधी डोंगर चढून पाय दुखले की चित्रापुढं उभं राहवत नाही.

पुढच्या महिन्यात परत जाणारे. या वेळी धुरंधरांचं एकच चित्र ठरवलंय, फोरबी पेन्सिल आणि वही घेऊन नुसती माणसांची मांडणी उतरवून घ्यायची.